मांजरवाल्यांची यादी

माझी मोठी बहीण धरमपेठेत जनावरांची डॉक्टर होती. जनावरं म्हणजे घरातली, कुत्री आणि मांजरं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आपल्या सगळ्या पेशंटांच्या मालकांना ईमेलवर एक पत्र पाठवायची. उन्हाळ्यात कुत्र्याला भर दुपारी डांबरावर चालवू नका, दिवाळीत मांजराला आतल्या खोलीत ठेवा, जंताचं औषध कधी, लस कधी. आणि हे सगळं फुकट! मला त्याचा भयंकर राग यायचा. लोक साध्या सल्ल्याचे पैसे घेतात अन् तू हक्काचा रविवार घालवून राहिली, असं मी तिला तोंडावर म्हणायचो. ती हसून म्हणायची, "तुले काय करायचं आहे गा? तू तुह्या कंपनीत जा."

त्यातही तिची एक तऱ्हा होती. तिच्याकडे याद्या दोन होत्या, कुत्रेवाल्यांची एक आणि मांजरवाल्यांची एक. प्रत्येक पत्र ती दोनदा लिहायची. मजकूर बहुतेक सारखाच असायचा, तरी दुसऱ्यांदा पहिल्या ओळीपासून बसायची. "एकच पत्र दोनदा काहून लिहितेस वं?" असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मांजराचं वेगळं असते." मला वाटलं, डॉक्टर लोकांची टापटीप, दुसरं काय. पुढे मी विचारलं नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती दवाखाना बंद करून मुलीकडे पुण्याला गेली. जाताना कॉम्प्युटर आणि दोन्ही याद्या माझ्या हवाली केल्या. "महिन्यातून एक पत्र पाठवत जा. नाही सुचलं तर मले विचार. लोक वाट पाहतात." मी हो हो म्हटलं आणि तीन वर्षं त्या यादीकडे ढुंकून पाहिलं नाही.

मग बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात माझा विभागच बंद झाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण नोकरी देणार? मी ताईच्या रिकाम्या दवाखान्यात दुकान मांडलं. कुत्र्यांचं खाणं, पट्टे, साखळ्या, आणि गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या तुकड्यांच्या शिवलेल्या गाद्या. दिवसभर मी त्या गाद्यांवरची धूळ झटकत बसायचो. गिऱ्हाईक म्हणून चिटपाखरू नाही. अशा वेळी माणसाला बहीण आठवत नाही, तिची यादी आठवते.

पहिलं पत्र मी कुत्रेवाल्यांना भीत भीत लिहिलं. बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, माफ करा, उन्हाळा आला आहे, पाण्याचं भांडं मातीचं ठेवा. शेवटी गाद्यांबद्दल दोन ओळी आणि खाली ताईचं नाव. माझं नाव टाकायचं मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर उत्तरांचा ढीग! "ताई, कुठे होता इतके दिवस?" "ताई, आमची कुत्री म्हातारी झाली आता, पण तुम्हाला विसरली नाही." कोणी फोटो पाठवले होते, कोणी गुडघे कसे आहेत विचारलं होतं. आठवड्यात सगळ्या गाद्या संपल्या. मी मोठ्या ऐटीत पेढे आणले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतो आणि स्वतःला मोठा धंदेवाला समजत होतो.

ताईला फोनवर एवढंच सांगितलं की पत्र सुरू केलं. ती इतकी खूश झाली की मी गाद्यांचा विषयच काढला नाही.

दोन महिन्यांनी एक औषधवाला आला. गोचिडांवरचं नवं औषध होतं, मानेवर थेंब टाकायचे की झालं. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे गोचिडांचा सुकाळ, माल हातोहात जाणार होता. तो म्हणाला, तुमच्या पत्रात आमची जाहिरात टाका, प्रत्येक विक्रीमागे तुमचं कमिशन. फक्त यादी मोठी पाहिजे. कुत्रेवाल्यांची यादी त्याला छोटी वाटली. मग मी काय केलं? त्याच्यासमोरच दोन्ही याद्या एकत्र केल्या. आकडा फुगला, त्याचा चेहरा फुलला. त्याच्या मजकुरात "आपल्या कुत्र्यासाठी" असं होतं. मांजरवाल्यांना परकं वाटू नये म्हणून मी ते खोडून "आपल्या लाडक्या प्राण्यासाठी" केलं. ही अक्कल माझी स्वतःची, कोणी शिकवली नाही.

पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी प्रतापनगरच्या एका काकूंचा फोन आला. पोस्टातून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. घरात त्या आणि त्यांचा भुरा बोका, तिसरं कोणी नाही. "भाऊ, ताईंचा पुण्याचा नंबर द्या नं. ताईंनी लिहिलं होतं ते औषध टाकलं, अन् तो कसातरीच थरथरून राहिला."

नंबर दिला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. मी म्हटलं, काकू, मीच विचारतो.

ताईनं औषधाचं नाव ऐकताच एका दमात सांगितलं. भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात मान धुवा, कोरडं करा, गरम कपड्यात गुंडाळा, अन् पळा दवाखान्यात. मग म्हणाली, "मांजरावर कुत्र्याचं औषध! मांजराले ते विष असते. हे त्याईले कोणी सांगितलं गा?"

मी म्हटलं, "काय माहीत. दुकानातून आणलं असेल कुठून तरी."

तिनं पुन्हा विचारलं, "कोणी सांगितलं म्हणते मी?"

"मले नाही माहीत वं ताई."

आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी फोन करून काकूंना मान धुवायला सांगितलं, स्कूटरवर गेलो, काकूंना आणि टॉवेलात गुंडाळलेल्या बोक्याला मागे बसवून दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी खूप केलं. पाच वाजता बोका गेला. काकू रडल्या नाहीत. घरी सोडलं तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "भाऊ, ताईंना सांगू नका हो. त्यांच्या जिवाला लागेल. वय झालं की चुकते माणूस." मी मान हलवली. तेव्हा तरी बोलायचं होतं मी! नाही बोललो.

त्यांच्या फाटकाबाहेर स्कूटर वळवत होतो तोच ताईचा फोन.

"मी पत्र पाहिलं. मांजरवाल्यांच्या यादीत पहिला पत्ता माझाच आहे, बरोबर गेलं की नाही ते पाहायला ठेवला होता. आज उघडलं."

मी स्कूटर बंद केली.

"बोका?"

"गेला."

ती अगदी पेशंटच्या मालकाशी बोलावं तसं, सावकाश बोलली, "आत्ता घरी जा. पहिले मांजरवाल्यांले पत्र धाड. औषध टाकू नका, टाकलं असेल तर धुवा अन् डॉक्टरकडे न्या. चूक झाली, माफ करा, असं लिही."

मी म्हटलं, "ताई, माझ्या नावानं लिहितो. चूक माझी आहे."

"नाही. माझंच नाव टाक. तुह्या नावाचं पत्र कोणी उघडणार नाही."

ती रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो, तो माझा स्वभाव आहे. पण ती खरं तेच बोलत होती. दिवेलागणीच्या आत मी ते पत्र लिहिलं. ताईच्या तोंडी माझी चूक घातली, ताईच्या नावानं माफी मागितली. लोकांनी ते उघडलं. तिघांनी औषध टाकायच्या आधीच बाटली फेकली, एकीनं मांजर वेळेवर धुतलं आणि ते वाचलं.

सगळ्यात शेवटी काकूंचं उत्तर आलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. इतक्या वर्षांत तुमच्या हातून ही एकच चूक झाली."