आईच्या मेसेजखाली मी टाकलेली चांदणी

थांबा, हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे. आंघोळ राहिली, कॉलेजची वेळ होऊन राहिली, रूममेट दार वाजवून राहिली, तरी आधी हे. कारण आज सकाळी जे झालं त्याच्यावर हसावं का रडावं, मले समजूनच नाही राहिलं. पण ते सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागते.

आमचं घर बार्शीटाकळीजवळ. भाजीपाला लावायचा आणि अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायचा, हेच आमचं काम. मी अमरावतीले रूम करून शिकते. आईचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, आजूबाजूच्या खेड्यातल्या भाजी लावणाऱ्या बायाईचा. कोणाच्या मिरचीचं पान वाकडं झालं, कोणाचा सांबार (म्हणजे कोथिंबीर) पिवळा पडला, का लगेच फोटो येते आणि खाली सगळ्या एकच लिहितात, "काकू, पाहा बरं." काकू म्हणजे माझी आई. आठवी शिकलेली. ती बोलायची तसंच लिहायची, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, सगळं एका दमात. वाचलं का कानात तिचा आवाजच यायचा.

माझं उलटं. अमरावतीले आल्यावर मी एका मोठ्या ग्रुपवर नव्या नव्या उत्साहात लिहिलं होतं, "मले असं वाटते का..." खाली एका अनोळखी माणसानं लिहिलं, "आधी मराठी शिका, मग मत मांडा." किती जणांनी त्याले हसरे चेहरे दिले! मी काय म्हटलं होतं त्याच्यावर कोणी एक शब्द नाही बोललं. त्या दिवसापासून मी घरी 'मले' आणि मोबाइलवर 'मला'. इतकी पक्की झाली का मीच दुसऱ्याईच्या चुका काढायले लागली. मजा येत होती, खोटं काहून सांगू?

मग यंदाच्या थंडीत आईच्या ग्रुपवर एक शेतकी शिकलेले सर आले. सगळ्या बाया एकदम सावरून बसल्या. त्याच दिवशी आईनं कोणाच्या तरी टमाट्याच्या फोटोखाली लिहिलं, "मले त वाटते पानी जास्त झालं हाय दोन दिस देऊ नोको." मी पण त्या ग्रुपात होती, कारण आईच्या मोबाइलचं सगळं मीच पाहायची. सरांसमोर मले इतकी लाज वाटली! विचारच नाही केला, खाली चांदणी टाकून लिहिलं: *मला *पाणी *आहे *नको. आणि एक हसरा चेहरा.

सरांनी आईच्या मेसेजले आधीच अंगठा दिला होता. ते मले मागून दिसलं.

आईचा फोन आला. मले वाटलं रागावते. कशाची!

"बरं केलं व बाई. पयलेच सांगाचं न मले. आता मी आधी तुले पाठवत जाईन. तू तपासून देजो, मंग टाकीन."

दोन दिवस करेल आणि विसरेल, असं मले वाटलं. नाही विसरली. रोज माझ्याकडे तिचे मेसेज यायले लागले, आणि प्रत्येकाच्या खाली 'तपास'. मी पण तपासायची, रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी, वेळ भेटला का.

मग तो सोमवार. मी घरून निघाली होती, अकोल्याले सकाळच्या गाडीत बसली, अमरावतीसाठी बडनेऱ्याले उतरायचं होतं. इकडे ग्रुपवर एका बाईनं फोटो टाकला होता. तिनं पहिल्यांदाच वांगी लावली होती. पानाखाली काळे बारीक किडे. "काकू, सांगा न लवकर, जीव घाबरून राहिला." आईनं लगेच उत्तर लिहिलं आणि मले पाठवलं:

"तो मावा हाय बाई घाबरू नोको चुलीतली राख चाळून घे आन आत्ताच फेक दव हाय तवर ऊन आलं का राख पानाईले चिकटत नाई"

खाली, "तपास लवकर."

मी पाहिलं. म्हटलं, दोन मिनिटात देते. कारण मी तेव्हा एका पोरासंग कमेंटमध्ये भांडून राहिली होती. विषय कोणता? अंगठ्यानं मी भराभरा टाइप करून राहिली होती, "भाषा नीट लिहिता येत नसेल तर लिहूच नका." खरंच हेच. मग बडनेरा आलं, मग ऑटो, मग प्रॅक्टिकल. साडेदहाले आठवलं. बाहेर चकचकीत ऊन.

"आई, टाक, टाक तसंच टाक!"

"आता काय टाकू व? दव त गेलं."

दुपारी त्या बाईचा मेसेज आला. काकू काही बोलल्या नाही, म्हणून दुसऱ्या एकीनं सांगितलं तसं केलं, रोग पसरू नये म्हणून सगळी झाडं उपटून टाकली. उपटलेल्या झाडाईचा फोटो पण होता, बांधावर रचून ठेवलेली, काहीले बारकी वांगी लागलेली.

मले राहवलं नाही. मी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, का आईनं सकाळीच सांगितलं होतं, माझ्यापाशी अडकलं, माफ करा. बायाईनं हात जोडलेले टाकले, एकीनं लिहिलं, "जाऊ दे पोरी." मले हलकं वाटलं. आणि आईचा फोन.

"घरातलं चार बायाईत काहून सांगतलं? आता त्या म्हनतीन, काकूले लिहिताच येत नाई, पोरगी लिहून देते!"

"आई, तू पहिले लिहायची तसंच लिही न. छान होतं ते."

"तू लिहितं का तसं? तुह्या कालेजच्या ग्रुपवर?"

मी म्हटलं, "क्लास आहे, मागून बोलते," आणि फोन ठेवला.

अर्ज, पेपर, बातमी, तिथं नीटच लिहिलं पाहिजे, हे मी आजही म्हणते. पण बांधावर उभं राहून बाई बाईले सांगते त्याच्यात मी कोण चांदणी टाकणारी? हे आता समजून काय फायदा. आईले ते समजावताच येऊन नाही राहिलं मले.

तर आज सकाळी. आईचा मेसेज आला, मेथी कापताना पहिल्या वेळी किती वर ठेवायची त्याच्याबद्दल. मी आता झोपेतूनही उठून लगेच पाहते. वाचलं, अर्ध्या मिनिटात लिहिलं, "एकदम बरोबर आहे, टाक."

फोन. "नीट पायलं न? येवढ्या लवकर?"

"हो आई, काहीच चूक नाही."

"कशी नाई? माह्यात चूक नाई असं होईन का? कंटाळली काय व तू मले?"

मग मी काय केलं, माहीत आहे? तपासून राहिली असं तिले वाटावं म्हणून पाच मिनिटं जाऊ दिली. मग शेवटी एक पूर्णविराम टाकला आणि पाठवून दिलं. तिचं लगेच आलं, "पाय, म्हनलं नोतं? राह्यलंच होतं काहीतरी." आणि खुश होऊन तिनं ग्रुपवर टाकलं.

रूममेट अजून दार वाजवून राहिली. मले फक्त एवढं सांगा, तुमच्यासंग झालं का असं कधी? तुम्ही पण घरातल्या कोणाचं लिहिणं असं अडवलं का? आणि अडवलं असलं, तर ते माणूस परत आपलं आपलं लिहायले लागलं का, का तुम्ही पण अजून पूर्णविरामच टाकून राहिले?