मुंबईचा पगार आणि पाचवीचा शिधा

मुंबईतल्या मैत्रिणीचं पत्र आलं की मी आधी पगाराचा आकडा शोधायची. आम्ही दोघी पुण्यात एकत्र नर्सिंग शिकलो. पास झाल्यावर ती गेली मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, मी चाकणच्या सरकारी दवाखान्यात. काम तेच, टोपी तीच, आणि तिला माझ्यापेक्षा तीस रुपये जास्त! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्या वर्षी तिच्या इस्पितळात एक जागा निघाली. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळव, असं तिनं लिहिलं होतं.

मला पैसे हवे होते ते आईसाठी. वडील गेल्यापासून ती साताऱ्याकडे माझ्या भावाच्या घरी राहत होती. राहत कसली, राबत होती. तिला तिथून आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. पण मुंबईत नर्सांच्या होस्टेलात आईला ठेवून घेत नसत, आणि बाहेर खोली घ्यायची तर पागडी! ती कुठून आणणार? पिंपरीला नवे कारखाने येत होते. तिथं एका दवाखान्यात पगार बरा होता, पण राहायला जागा नव्हती. चिंचवडच्या गावठाणात खोली बघायला गेले, तर घरमालकीण म्हणाली, "एकटी बाई? नवरा कुठंय?" म्हटलं, "अजून जन्मायचाय." झालं, खोली गेली.

राहता राहिलं चाकण. दवाखान्यामागची खोली फुकट, कांदे-बटाटे स्वस्त. पण त्या पगारात दोघींचं भागणार नाही, अशी माझी खात्रीच होती. आपण एकटीनं मुंबईला जायचं आणि आईला मनिऑर्डर करायची, असं मी ठरवत आणलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात आई चार दिवसांसाठी आली. तिला हे सांगायचा मला धीरच होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी बाळंतपण केलेल्या गावातल्या एका सुनेच्या सासरहून शिधा आला. बाजरीचं पीठ, डाळ, गूळ, वर खण-नारळ. बाळाच्या पाचवीला सुईणीला शिधा द्यायची रीत होती. आम्हाला शिकवलं होतं, पेशंटकडून सुतळीचा तोडासुद्धा घ्यायचा नाही. मी नेहमीसारखा शिधा परत पाठवला. नर्स आहे मी, सुईण नाही, असा तोराही होता म्हणा ना.

अर्ध्या तासात त्या सुनेची सासू स्वतः पाटी डोक्यावर घेऊन दारात उभी!

"बाई, पाचवीचा शिधा माघारी धाडत्यात व्हय? तुमाला सरकार पगार देतं, ते ठावं हाय आमाला. ह्यो काय पगार न्हाई. पोराला पयला हात तुमचा लागला. तुमीच न्हाई म्हनल्यावर सटवाईनं तरी त्याच्या कपाळी चांगलं का लिवावं?"

बोलता बोलता तिचे डोळे भरले. दोन वर्षं मी दारी आलेले शिधे परत पाठवत होते, आणि कुणाच्या जिवाला काय लागत असेल याचा विचारही केला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तोंड उघडायच्या आत आई उठली. तिनं पाटी उतरवून घेतली. "औक्षवंत होऊ दे लेकरू," म्हणाली. मग दोघी ओट्यावर बसून कितीतरी वेळ बोलत राहिल्या. आईला कुणाशी हसून बोलताना मी बऱ्याच वर्षांनी बघत होते.

दुपारी चूल मी पेटवली. म्हटलं, आज तू नुसती बसून जेव. त्याच पिठाची भाकरी तिच्या ताटात वाढली. भाकरी संपली, आता आई उठेल असं मला वाटलं. भावाकडे ती सगळ्यांच्या मागून जेवायची, उरेल तेवढ्यावर. पण ती बसूनच राहिली. तव्याकडे बघत, जरा लाजत म्हणाली,

"अजून अर्धी वाढतेस?"

मला रडूच फुटलं. तिला वाटलं, धूर गेला डोळ्यांत. मी अख्खी वाढली.

दोघींचं कसं भागणार, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी मैत्रिणीला कळवलं, जागा नको. आणि भावाला लिहिलं, आई आता माझ्याकडे राहील, तिची लुगडी पाठवून दे.