घड्याळाची मागची बाजू

लग्नात सासऱ्यांनी घड्याळ दिलं आणि महिन्याभरात माझ्या डाव्या मनगटावर गोल चट्टा उठला. खाजवून खाजवून पाणी सुटायचं. बेळगावच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, धातूची ॲलर्जी आहे, घड्याळ काढून ठेवा. सासऱ्यांनी हौसेनं दिलेली वस्तू काढून ठेवायची म्हणजे बायकोशी वाकडं. मी घालतच राहिलो.

घरात कोकमाचं तेल होतंच. थंडीत ओठांना, पायांच्या भेगांना आम्ही तेच लावतो. मनगटालाही चोळलं, आणि थोड्या दिवसांत चट्टा बसला. मग काय, जोयड्याच्या कचेरीपासून रामनगरच्या बसस्टँडपर्यंत ज्याला त्याला मनगट दाखवत सुटलो. डॉक्टरला काय कळतंय, म्हणायचो. बायको शेजारी असली तर म्हणायची, "व्हय व्हय, तेलच ते." आणि तोंडाला पदर लावून हसायची. मला वाटायचं, कौतुकानं हसतेय.

गेल्या वर्षी ती गेली. आमचं घर रानाच्या कडेला, शेजार लांब. दिवस दिवस बोलायला माणूस नसतं. टीव्हीवरच्या बातम्यांना मी उत्तरं देतो. भातकापणीच्या सुमारास चट्टा परत उठला. तेल चोळून चोळून दमलो, काही फरक नाही.

मुलगी गोव्यात असते. तिला फोनवर सांगितलं.

"आप्पा, तुमास्नी ठावं न्हाई व्हय? आई घड्याळाच्या मागं बिनरंगाचं नेलपॉलिश लावायची, धातू कातडीला लागू नये म्हणून. तुम्ही आंघोळीला गेला की. झिजलं की परत."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तेलाचं एवढं सांगत फिरायचा तुम्ही. राहू दे, खुशीत हायत, म्हणायची."

रामनगरच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, "काकींना कुठला रंग दाखवू?" बिनरंगाचं दे, म्हणालो.

घरी येऊन ओसरीवर घड्याळ उलटं धरलं. मधलं सगळं झिजलं होतं. कडेला मात्र बायकोनं लावलेला थर थोडा उरला होता, पिवळट पडलेला. जुनं खरवडून काढा, मगच नवं लावा, असं मुलीनं फोनवर बजावलं होतं. माझ्यानं खरवडवेना. तिची फार आठवण आली. शेवटी होतं त्याच्यावरूनच ब्रश फिरवला. थोडं चामडी पट्ट्यावर सांडलं.

वाळेपर्यंत बसून राहिलो. मग मीच मोठ्यानं म्हणून बघितलं, "व्हय व्हय, तेलच ते." हसायला कुणी नव्हतं.