नाल्याची चढण आणि दोन ट्रॅक्टर

त्या सकाळी आमच्या अंगणात दोन ट्रॅक्टर उभे होते, एक लाल आणि एक निळा, आणि आनंदाच्या भरात मी चहात साखर दोनदा घातली. वीस वर्षांच्या संसारात आमच्या दारी येऊन कोणी आमची मनधरणी करावी, असं पहिल्यांदाच घडत होतं. वाशिमच्या दोन वेगवेगळ्या शोरूमची माणसं आपापला ट्रॅक्टर घेऊन आली होती. दोघं एकमेकांकडे बघायला तयार नव्हते. तो गोडमिट्ट चहा मात्र दोघांनीही मुकाट्याने प्यायला.

केनवडकडच्या आमच्या गावाला एक नाला आडवा येतो. गाव वर, शेत खाली नाल्यापलीकडे. म्हणजे जाताना रिकामी गाडी उतारावरून पळते आणि येताना भरलेली गाडी चढणीवर रडते. आमची खरी मदार हळदीवर. ओली हळद दगडासारखी जड, आणि काढली की लवकर घरी आणून शिजवावी लागते. आदल्या वर्षी भाड्याचा ट्रॅक्टरवाला ‘आज येतो, उद्या येतो’ करत चार दिवस आला नाही, आणि शेतातल्या उघड्या ढिगावर अवकाळी पाऊस पडला. ती काळवंडलेली हळद पाहून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, की पुढच्या वर्षी हळद ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी घरी येईल, आणि आपल्या ट्रॅक्टरवर येईल.

नवऱ्याचं मन लालवर बसलं होतं. छोटा, चकचकीत, मऊ सीट, वर गाणी ऐकायची सोय. निळा बोजड होता आणि महागही.

“अंथरून पाहून पाय पसराव,” नवरा म्हणाला.

“अजी, अंथरून नका पाहू, चढन पाहा,” मी म्हटलं. अशा वेळी माझा आवाज जरा चढतोच. गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला. “नाल्यावर न्या दोनी. भरलेली ट्रॉली जो वर आनीन, तो आपला.”

पण भरायचं काय? दिवाळी नुकतीच झाली होती, हळद अजून जमिनीत होती. जमलेल्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “मानसंच बसवा ना! दोन मानसं म्हंजे एक पोतं!” झालं. लालला जोडलेल्या शेजाऱ्याच्या ट्रॉलीत निम्मं गाव चढलं. मीही चढले, जावेला वर ओढलं, सासऱ्यांना चौघांनी उचलून आत ठेवलं, कारण त्यांचे गुडघे गेलेले. एवढी मजा मला माझ्या लग्नाच्या वरातीतही आली नव्हती. हसत-ओरडत आम्ही खाली नाल्यात गेलो, तिथून लाल ट्रॅक्टर वळला आणि चढणीला लागला.

आणि चढला! भुर्रकन चढला. वर टाळ्या पडल्या, नवऱ्याने शोरूमवाल्याला मिठी मारली. मीही खालून टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात चपलेत खडा टोचला. तो काढायला वाकले आणि माझ्या लक्षात आलं, की मी जमिनीवर उभी आहे.

मी खाली कधी आले? शेजारी जाऊ उभी होती. मागे पुढे सगळं गाव पायीच चढण चढत होतं.

आमच्याकडे गाडी चढणीला लागली की धडधाकट माणूस तीत बसून राहत नाही. बैलाच्या जिवावर बसून राहणं हा निर्लज्जपणा मानतात. आधी बायका उतरतात, मग पुरुष, आणि कोणाला ते सांगावं लागत नाही. बैल जाऊन किती वर्षं झाली, पण पायांना कोण सांगणार? चढण दिसली आणि पाय आपोआप खाली आले. वजन म्हणून बसलेल्या माणसांनी ट्रॅक्टरवर दया केली होती. ट्रॉलीत उरले होते फक्त सासरे, आणि तेही खुशीत टाळ्या वाजवत होते.

“चढला ना?” शोरूमवाला म्हणाला.

“कोनाले घेऊन चढला? आमच्या मामाजीले?” मी म्हटलं. गाव इतकं हसलं की काहींना खाली बसावं लागलं. नवरा तेवढा हसला नाही.

आता मी हट्टालाच पेटले. सोयाबीन घराघरांत भाव वाढायची वाट बघत पडलं होतं. मी दारोदार जाऊन पोती मागितली, आणि लोकांनी खरंच दिली. आपलं पोतं ओळखू यावं म्हणून कोणी कोळशाची रेघ ओढली, कोणी चिंधी बांधली. चाळीस पोती झाली. ट्रॉली भरली तेव्हा मी पोती पुन्हा एकदा मोजली. लोकांचं वर्षाचं पीक मी माझ्या हट्टापायी नाल्यात नेत होते.

लाल ट्रॅक्टर निम्मी चढण नीट आला. मग घुमला, थरथरला, आणि त्याची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. सगळ्यांच्या तोंडून एकच ओरड निघाली. पोरांनी आणि बाप्यांनी धावत जाऊन ट्रॉलीच्या चाकांमागे धोंडे लावले. ट्रॉली थांबली, पण अर्ध्या चढणीत, कलंडायच्या बेतात.

लाल सोडवला. निळा वरून मागे मागे उतरत आला. सकाळपासून तोंड फिरवून बसलेली ती दोन माणसं आता खांद्याला खांदा लावून ट्रॉलीची पिन बसवत होती. चालत्या गाडीने चढणं वेगळं आणि मध्येच उभ्या राहिलेल्या गाडीला ओढणं वेगळं. मी डोळे मिटून घेतले. इंजिनचा आवाज जड झाला, आणि मग नवऱ्याचाच आवाज आला, “निघाला! निघाला व! पाह्य ना!” डोळे उघडले तेव्हा चाळीस पोती हळूहळू, एका चालीने गावाकडे निघाली होती.

“निळाच घ्या लागते,” नवरा म्हणाला. त्याने लालच्या मऊ सीटवरून एकदा हात फिरवला तेवढाच.

फेब्रुवारीत हळद निघाली. ऊन कलायच्या आत ट्रॉली काठोकाठ भरली. नवरा चालवत होता, आम्ही सहा बायका हळदीच्या ढिगावर बसलो होतो. नाला ओलांडला, चढण आली आणि सगळ्यांनी लुगडी सावरली. मीसुद्धा एक पाय ट्रॉलीबाहेर टाकला.

नवऱ्याने मागे वळून इंजिनच्या वर आवाज काढला, “काहून उतरून राह्यल्या? बसा ना! कोनी उतरू नका!”

आम्ही बसलो. ट्रॅक्टर चढत होता आणि मी काही न करता वर वर जात होते. या चढणीवर मी वीस वर्षं पायीच चढले, बहुतेक वेळा डोक्यावर काहीतरी घेऊन. मला रडू फुटलं.

“काहून रडून राह्यली व?” शेजारचीने विचारलं.

“या चढनीवर मले आजवर कोनी बस म्हटलं नोतं,” मी म्हटलं.

तिने आपला बाहेर काढलेला पाय आत घेतला आणि हळदीवर ऐसपैस मांडी घातली.