कुंडीने केलेला इन्सल्ट

सासऱ्यांच्या पायावर कुंडी पडली त्या दिवशी मी घरी नसतो, तर प्रकरण हळदीच्या लेपावर मिटलं असतं.

पण रविवार होता. मी मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी चेन्नईत आलो, इथल्याच एका तंजावरी मराठी घरातल्या पद्माशी लग्न केलं आणि अड्यारला तळमजल्यावर स्थायिक झालो. कॉलेजात इंग्रजी शिकवतो. मला एक खोड आहे. शब्दाचं लॅटिन मूळ पाहिल्याशिवाय मी तो शब्द कागदावर उतरवत नाही. (लॅटिन मला येत नाही. ज्यात ते छापलेलं असतं असा एक जाडजूड कोश माझ्याकडे आहे. हा फरक कॉलेजात अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही.)

पद्माचे वडील आप्पा पोस्टातून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आले. आमच्या वरच्या मजल्यावर मंगळम मामी राहतात. त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दर शुक्रवारी त्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून आप्पांसाठी कढीपत्ता खाली सोडत. आप्पा त्याच पिशवीतून आपलं वाचून झालेलं मासिक वर पाठवत. दोघांचं असं उत्तम चाललं होतं.

त्या सकाळी मामी मैलापूरला देवळात गेल्या होत्या. समुद्राकडून वारा सुटला, त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर फुगली आणि तिने कठड्यावरची कढीपत्त्याची कुंडी ढकलून दिली. खाली अंगणात आप्पा खुर्चीत कॉफी पीत बसले होते.

आवाज ऐकून मी धावलो. "आप्पा, काय झालं?"

"कांही नाही, माप्पिळ्ळै," आप्पा म्हणाले. (जावयाला ते असंच तमिळमध्ये हाक मारतात.) "करिवेप्पिलै आली. आज मुळासकट आली."

अंगठा वांग्यासारखा सुजला होता. कॉफीच्या पेल्याला पोचा आला होता. डॉक्टरांनी फोटो काढून हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि बँडेज बांधून दिलं. संध्याकाळ झाली तरी मामी विचारपूस करायला आल्या नाहीत.

"तीस ठाऊक नसेल," आप्पा म्हणाले. "कुंडी गेली इतकंच दिसलं असेल. वर जाऊन सांग की."

"असं तोंडी नको," मी म्हणालो. "सोसायटीला रीतसर पत्र देऊ."

"कशास?" आप्पांनी विचारलं. हा त्या दिवसातला सर्वांत शहाणा प्रश्न होता. मी पेन शोधू लागलो.

लिहायला बसलो. 'माझ्या सासऱ्यांना इंज्युरी झाली' असं वाक्य मनात आलं. कोश उघडला. इंज्युरी म्हणजे मुळात न्यायाविरुद्ध केलेली गोष्ट. चादरीने कुठला न्याय मोडला? शब्द खोडला. डॅमेज लिहिलं. त्याचं मूळ 'हानी', म्हणजे काहीतरी गमावणं. अंगठा जागेवर होता, पेलाही होता. तोही खोडला. पुढे ऑफेन्ड सापडला. अर्थ, येऊन आदळणे. आणि त्याखाली इन्सल्ट. मूळ अर्थ, अंगावर उडी मारणे. मला इतका आनंद झाला की मी पद्माला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं.

"अगं, कुंडीने नेमकं हेच केलं."

"अहो, हे लोकांना कळेल का?"

"शब्द अचूक असला की कळतो."

मग मी शुद्ध इंग्रजीत लिहिलं की मंगळम मामींच्या घरून आज सकाळी माझ्या वृद्ध सासऱ्यांना ऑफेन्ड आणि इन्सल्ट करण्यात आलं, तेही उघड्या अंगणात. पत्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं आणि समाधानाने जेवलो.

जेवण होईपर्यंत सत्तावीस निरोप आले होते. मामी असं काय बोलल्या, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने लिहिलं की मुख्याध्यापिकांची जीभ कडकच असते. तिसरा म्हणाला, जातीवरून बोलल्या का. चौथ्याने 'परप्रांतीयांचा अपमान सहन करणार नाही' असं लिहिलं. त्याला आप्पांनी सांगितलं की आमचं घराणं तीनशे वर्षांपासून इथेच आहे, तर त्यावर आणखी नऊ निरोप आले. कुंडी कुणालाच माहीत नव्हती, कारण पत्रात ती लिहायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक बसली. मामी डोळ्याला पदर लावून आल्या.

"या माणसाला मी आजवर एक वाकडा शब्द बोलले नाही," त्या म्हणाल्या. "कढीपत्ता देणं हा अपमान असेल, तर मी केला."

"मामी, तुम्ही नाही, तुमच्या कुंडीने," मी म्हणालो आणि उभा राहून लॅटिन समजावू लागलो. वीस मिनिटं बोललो. सेक्रेटरी सेल्वम सार शांतपणे ऐकत होते.

"सार, म्हणजे इंज्युरी नाही?" त्यांनी विचारलं.

"काटेकोर अर्थाने नाही."

"डॅमेज?"

"मुळात पाहिलं तर तेही नाही."

"इन्सल्ट झाला, पण तो कुंडीने केला."

"अगदी बरोबर."

त्यांनी वहीत लिहिलं: इजा नाही, नुकसान नाही, तक्रार निकाली. समोर आप्पा बँडेज बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. जावयाने इतक्या मेहनतीने आपली केस हरवलेली त्यांनी कधी पाहिली नसावी.

तेवढ्यात मामींचं लक्ष त्या पायाकडे गेलं. "हे काय झालं?"

"कांही नाही. तुमची कुंडी," आप्पा तमिळमध्ये म्हणाले. "झाड मात्र जगलं. मी डब्यात लावून ठेवलंय."

मामींनी डोळ्यावरचा पदर खाली घेतला. "मला कुणी सांगितलं का नाही? मला वाटलं, कुंडी चोरीला गेली." मग त्यांनी वरून औषधी तेल आणलं, सगळ्यांसमोर खाली बसून बँडेजच्या वर आप्पांच्या घोट्याला लावलं, आणि दोघं कढीपत्त्याच्या मुळाशी ताक घालावं की नाही यावर बोलू लागले. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. मला तेव्हा खरोखर लाज वाटली. मामींच्या डोळ्यांत पाणी आणण्याचं काम वाऱ्याने, चादरीने किंवा कुंडीने केलेलं नव्हतं.

घरी आल्यावर पद्माने माझ्यासमोर कागद ठेवला. "मामींची माफी मागा. कोश न उघडता."

मी तीन ओळी लिहिल्या. तिने दोन खोडल्या. मी वर जाऊन कागद दिला. मामींनी ती उरलेली ओळ वाचली, एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि कॉफी दिली.

सोसायटीने मात्र पुढच्याच बैठकीत एकमताने ठराव केला की यापुढे फ्लॅटमालकाने स्वतःच्या हाताने तमिळमध्ये लिहिलेल्या तक्रारीच घेतल्या जातील. इतकी वर्षं इथे राहून मला तमिळ बोलता येतं, लिहिता येत नाही. गेले दोन महिने आमच्या न्हाणीघराचं छत गळतंय. मी रोज पहाटे पाटीवर अक्षरं गिरवतो, आप्पा तपासतात. 'पाणी' लिहिता येऊ लागलंय. 'गळतंय' पोंगलपर्यंत येईल असं ते म्हणतात, पण हुशार मूल असेल तर.