बाड हॉम्बुर्गला वेगळं व्हायचंय!

परदेशात मराठी मंडळाचे सचिव व्हा, किस्से शोधावे लागत नाहीत. माझे तर घरातच राहतात! मी फ्रँकफर्टच्या मंडळाचा सचिव आणि माझी बायको मधुरा त्याच मंडळाच्या बाड हॉम्बुर्ग शाखेची प्रमुख. शाखेला वेगळं व्हायचंय. वेगळं मंडळ, वेगळा गणपती! मला दोन गणपती नको होते, पण सचिवाला विचारतो कोण?

*

सुरुवात दिवाळीच्या फराळाला झाली. आमचे अध्यक्ष देशपांडेकाका टेबल आपटून म्हणाले, "स्कॉटलंडच्या पार्लमेंटला वेगळं व्हायचं मतदान घ्यायचा हक्क हवाच! लंडनला कशाला विचारायचं?"

"मग काका, आमची शाखा पण घेते मतदान," मधुरा म्हणाली.

काकांनी चकली खाली ठेवली. "आपल्या झात्सुंगमध्ये, मंडळाच्या घटनेत, तसं कलम नाही!"

*

मधुराने सचिवांकडे रीतसर मागणी पाठवली. रजिस्टर्ड पोस्टाने. आमचा पत्ता एकच! पोस्टमन आला तेव्हा मी ऑफिसात. शनिवारी पोस्टात रांगेत उभं राहून, पासपोर्ट दाखवून मी बायकोचं पत्र घरी आणलं.

"अगं, हातात द्यायचं ना!"

"मग पोचल्याचा पुरावा काय?"

*

मीटिंग चार तास चालली. मत फक्त शाखेचं, की सगळ्या मंडळाचं?

"सुनेला वेगळं बिऱ्हाड करायचंय, आणि मत सासूचं घ्यायचं?" मधुरा कडाडली.

"आल्झो, हे बघ, सासूलाच तर विचारतात!" काका म्हणाले.

मी प्रोटोकोलमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, लिहिलं, 'चर्चा झाली.'

*

आमची नऊ वर्षांची इरा हे सगळं ऐकत होती. तिने खोलीच्या दारावर जर्मनमध्ये कागद लावला. मतदान झालं, एक विरुद्ध शून्य, आता या खोलीत भेंडी येणार नाही.

"असलं मतदान घ्यायची परवानगी कुणी दिली तुला?" मधुरा ओरडली.

 मी लगेच काकांना फोन केला.

*

शेवटी तोडगा निघाला. मतदान शाखेपुरतं, मोजणी दोन्ही बाजूंसमोर. चिठ्ठ्या मधुराच्या आईने दिलेल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. मतदान झालं, आणि डबा आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, मंडळाच्या ढोलांशेजारी.

मोजणीच्या दिवशी काकांची पाठ धरली. पुढच्या रविवारी मधुरा म्हणाली, "गणपती होऊ दे, मग बघू." गणपती झाला. एकच झाला, दणक्यात झाला. डब्याला कुणी हात लावेना, आणि मी मात्र दर रविवारी मोजणीची नोटीस काढतोय!

परवा केलरमध्ये पाणी शिरलं. मी ढोल वर काढत होतो, तोवर मधुरा धावत खाली आली. तिच्या मागे फोन मिळताच आलेले काका, पाठ विसरून. ढोलांकडे दोघांनी बघितलंसुद्धा नाही.

"डबा भिजला का रे?" काकांनी विचारलं.

मी झाकण दाबून बघितलं. "नाही काका. आत थेंबही गेला नसेल."

दोघांचेही चेहरे पडले!