एक सूत

तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली. त्यामुळे निवृत्तीनंतर घरी छोटं पेट्रोल इंजिन बनवायला घेतलं तेव्हा वाटलं, अख्ख्या सुकापुरात हा नाद असलेला मी एकटाच. मुठीत मावेल एवढं इंजिन, अंगठ्याएवढा पिस्टन. बाल्कनीत जुना लेथ बसवला, कपड्यांची दोरी काढली म्हणून बायकोची बोलणी खाल्ली, आणि दिवाळीपर्यंत चालू करून दाखवतो असं सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलो.

मग मागच्या गल्लीतल्या भाऊंनीही तेच इंजिन करायला घेतलं. भाऊ मूळचे इथलेच शेतकरी. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत. माझं काम बघायला आले आणि ड्रॉइंग मागून घेऊन गेले. मी दिलं, वर चहाही पाजला. महिन्याभरात त्यांच्या शेडमध्ये नवाकोरा लेथ आला. तो बघून घरी आलो आणि नीट जेवलोसुद्धा नाही. जळफळाट झाला माझा, उगाच दुसरा शब्द कशाला शोधू.

त्यात माझा पिस्टन बसेना. चाक फिरवलं की हवा फुस्सकन निघून जायची. तीन पिस्टन केले, तिन्ही ढिले. भाऊंचा दुसराच फिट बसला. आयुष्यात कधी साधा बोल्ट न कातलेला माणूस! दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि ते माझ्या आधी इंजिन चालू करणार हे दिसत होतं.

एका सकाळी ते दारात उभे. "मिस्त्री, सगला झाला. फक्त प्लगचा गॅप किती ठेवू ता सांगा."

प्लगच्या दोन टोकांमधली ती फट अर्धा मिलिमीटर हवी, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "एक सूत."

आम्हा कारखान्यातल्या लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर. एवढ्या फटीत ठिणगी पडणंच शक्य नाही. तोंडातून चुकून गेलं असं नाही, ठरवून बोललो. भाऊ खुशीत गेले. त्या दिवशी मात्र मी दोन घास जास्त जेवलो.

तिसऱ्या दिवशी त्यांचं बोलावणं आलं. शेडमध्ये गल्ली जमली होती आणि टेबलावर इंजिन फटफटत होतं. मला खरंच वाटेना. ते बंद झाल्यावर विचारलं, "गॅप किती ठेवलात?"

"तुमी सांगितला तोच, एक सूत. आमच्या बापाच्या जाल्याचा सूत होता घरान. तो फटीन घालून बघितला, बरोबर बसला."

मासे धरायच्या जाळ्याचा तो दोरा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मोजायची गरजच नव्हती, अर्धा मिलिमीटर होता.

"या मिस्त्रींनी सांगितला नसता तर इंजिन चालूच झाला नसता," भाऊ सगळ्यांना सांगत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि भाऊंनी त्यात पेढा घातला.

मी तो खाल्ला.